इंजिनच्या सायकलला ३ गिअरचा हब बसवू काय?

येळ्ळूरचा पोरगा:
नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या २८ इंची सायकलला ८० सीसी म्हणून मिळतंय ते टू-स्ट्रोक इंजिनचं किट बसवलंय, चेनच्या चक्राला पुढं इंजिनवर १० दाते, मागं चाकावर ४४. सपाटीला झकास पळतंय पण राजहंसगडाच्या चढाला अर्ध्यातच दम सोडतंय, पायडल मारून गुडघे गेले. गोव्याच्या मावसभावानं स्टर्मी-आर्चर कंपनीचा जुना ३ गिअरचा हब (चाकाच्या मधला तुंबा, गिअर त्याच्या आतच) दिलाय, तो मागं बसवला तर चढ निघेल काय, का इंजिनच्या जोरानं आतले दाते जातील? कुणी केलं असलं तर सांगा की.

लेथवाला, उद्यमबाग:
आधी चेन कुठल्या बाजूला हाय बघ. किटची चेन डावीकडं, आणि चक्र रबर घालून स्पोकलाच आवळलेलं. म्हणजे इंजिन थेट चाक फिरवतंय, हबच्या आतनं जोर जातच नाही, ३ काय ८ गिअर घाल, फरक फक्त पायडलला. इंजिनला गिअर पाहिजे तर मधे एक शाफ्ट टाकून जोर उजवीकडं क्रँकवर आणायचा आणि तिथनं हबला. क्रँकला फ्रीव्हील (एकाच बाजूला पकडणारं चक्र) घालच, नाहीतर इंजिनबरोबर पायडल गरागरा फिरून नडगी फोडतंय.

दात्यांचं म्हणशील तर २ एचपी, ५००० आरपीएम धरून मागच्या चाकाला फिरवायचा जोर साधारण ५० न्यूटन-मीटर येतंय. ७० किलोचा माणूस पायडलवर उभा राहिला की हबला जवळपास तेवढाच जोर बसतो, पण माणूस क्षणभर उभा राहतो आणि इंजिन अख्खा चढ तसंच रेटतंय, वर क्लच झटक्यात सोडला की दणका वेगळाच. म्हणून गिअर बदलताना थ्रॉटल पूर्ण सोडायचा. आणि त्या जुन्या हबात दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे न्यूट्रल असतंय, केबल ढिली असली की चढात इंजिन नुसतं बोंबलतंय आणि सायकल मागं यायला लागते, माझी आलीय.

हबची भोकं मोजलास काय? बाबांच्या सायकलीची मागची रिम ४० भोकांची असणार, हब ३६ चा असला तर रिमपण नवी.

गॅरेजवाले मामा, निपाणी:
बाळ, एवढा खटाटोप कशाला, मागचं चक्र ५६ दात्यांचं करून घे. चाकाला जोर सव्वापट होतोय, ५००० आरपीएमला ताशी ३६ किलोमीटरचा स्पीड २८ वर येतोय, ते येळ्ळूरच्या रस्त्याला भरपूर झालं. चक्र बसवताना डायल गेज (लंगडेपणा मोजायचं घड्याळ) लावून सेंटर बघ, थोडं जरी लंगडं फिरलं तरी चेन उतरून स्पोकमधे जाते, चाक जाम होतंय. आणि रॉडचे ब्रेक काढून दुसरे चांगले घाल रे बाबा, उतरताना ते धरत नाहीत.

खानापूरकर:
कागदाचं पण बघा. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंत इंजिन असलं तरच कायद्यानं ते मोटार वाहन धरत नाहीत. तुमचं किट त्याच्या वर जातंय, नंबर नाही, इन्शुरन्स नाही, कुणाला धडकलं तर घर विकायची पाळी. बॅटरीवर २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असलं तर सूट हाय.

येळ्ळूरचा पोरगा:
होय ओ, चेन डावीकडंच हाय, आणि आत्ताच मोजलं, रिम ४०, हब ३६. हब राहू दे बाजूला. मामा, तुमचंच ऐकतो, पण सायकल आता शेताच्या वाटेपुरतीच, मेन रोडला काढणार नाही. लेथवाले दादा, ५६ चं चक्र कापून द्याल काय? जुनं चक्र आणि रबर घेऊन शनिवारी येतो.

लेथवाला, उद्यमबाग:
ये की. चाक पण काढून आण, त्याच्यावरच बसवून सेंटर बघू.