परदेशी मित्रकीटक सोडण्याआधी किती चाचण्या पुरेशा?

काटेकोर (चर्चाप्रस्ताव):
परदेशातून आलेल्या किडीचा शत्रू तिच्या मूळ देशातून शोधून आणावा, या कल्पनेला १८८८-८९ मध्ये प्रतिष्ठा मिळाली. ऑस्ट्रेलियातून आणलेल्या रोडोलिया या ढालकिड्याने तेव्हा कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागा खवले किडीपासून वाचवल्या. हे यश सर्वत्र सांगितले जाते. कॉम्प्सिल्युरा माशीची हकीकत मात्र क्वचितच. जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर उपाय म्हणून ही परोपजीवी माशी १९०६ पासून अमेरिकेत सोडण्यात आली. ती दीडशेहून अधिक जातींच्या कीटकांवर वाढू शकते, आणि तिथल्या मोठ्या रेशीम पतंगांची संख्या घटण्यामागे तिचा हात असावा असे पुरावे नंतर पुढे आले. कीटकनाशकाची फवारणी थांबवता येते. रानात स्थिरावलेला कीटक परत बोलावता येत नाही. म्हणून माझे मत असे की प्रत्येक मित्रकीटक स्थानिक रानटी जातींनाही खातो का, याची चाचणी व्हावी आणि निष्कर्षात जराही शंका उरली तर तो सोडू नये, मग त्यासाठी पिकाचे नुकसान सोसावे लागले तरी चालेल.

पानोपानी:
‘नुकसान सोसावे लागले तरी चालेल’ हे वाक्य त्या पिकावर ज्याचे पोट नाही त्यालाच लिहिता येते. १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतील पिठ्या ढेकूण ही कीड आफ्रिकेत पोहोचली आणि कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न असलेले कसावा हे कंदपीक वाळू लागले. १९८१ मध्ये पॅराग्वेत तिच्यावर जगणारी ॲनागायरस लोपेझी ही इवलीशी गांधीलमाशी सापडली, विलगीकरणात तिची तपासणी झाली आणि त्याच वर्षी ती नायजेरियात सोडण्यात आली. या मोहिमेचे प्रमुख हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जराशा शंकेवर अडून बसले असते तर ती माशी प्रयोगशाळेतच राहिली असती.

शिवाय शंका निर्माण कशी होते, तेही पाहावे. बंद पिंजऱ्यात उपाशी कीटकासमोर एकच झाड ठेवले, तर मोकळ्यावर ज्याकडे तो ढुंकूनही पाहणार नाही तेही तो कुरतडतो. गाजरगवतासाठी १९८४ मध्ये भारतात सोडलेला झायगोग्रामा भुंगा पुढे सूर्यफुलाच्या पानांवर दिसला तेव्हा मोठा गदारोळ झाला. अभ्यासाअंती असे आढळले की गाजरगवताचे पराग पानांवर पडलेले असले की त्या परागांमुळे तो सूर्यफूल खाण्यास प्रवृत्त होतो. फवारणी थांबवता येते म्हणता, तर १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात डीडीटीने तुमच्या त्याच ढालकिड्याचा नाश केला आणि खवले कीड पुन्हा उसळली, याचीही नोंद घ्यावी.

रानवाट:
कॅक्टोब्लास्टिस पतंगाचे नाव अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. १९२६ पासून ऑस्ट्रेलियात त्याच्या अळ्यांनी फड्या निवडुंगाची लाखो एकर जमीन मोकळी केली. १९५७ मध्ये तोच पतंग कॅरिबियनमधील नेव्हिस बेटावर नेण्यात आला आणि १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला. ज्या उत्तर अमेरिकेत फड्या निवडुंग परका नसून मूळचा आहे, तिथल्या दुर्मीळ जाती आता त्याच्या तोंडी आहेत. इतके होऊनही चाचण्यांना ‘अडून बसणे’ म्हणायचे का?

तर्कट:
हे उदाहरण रानवाट यांनी चाचण्यांच्या बाजूने दिले असले तरी मला ते उलट वाटते. हा पतंग फड्या निवडुंग आणि त्याचे जवळचे नातलग खातो हे आधीच ठाऊक होते आणि त्याने नेमके तेच खाल्ले. नेव्हिसला तर स्थानिक निवडुंगच तण ठरवून तो मुद्दाम नेला होता. ऱ्हायनोसिलस सोंडकिड्याचे तसेच झाले. थिसल नावाच्या काटेरी तणासाठी तो १९६८-६९ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत सोडला गेला. तो तिथल्या देशी थिसलवरही वाढू शकतो हे चाचण्यांत दिसले होते, पण त्या झाडांना बाजारात किंमत नसल्याने कोणी फिकीर केली नाही. पुढे १९९० च्या दशकात देशी जातींचे बी हा किडा फस्त करताना आढळला. दोन्हीकडे विज्ञानाने उत्तर दिले होते, ते ऐकणाऱ्यांनी मोल चुकीचे लावले. चाचण्या दुप्पट केल्याने हा दोष जाणार नाही.

काटेकोर:
मोल लावणारे बदलत असतात, म्हणूनच नियमात ‘रानटी जातीही मोजा’ असे लिहिलेले हवे. माझी मागणी तीच आहे. पतंग सीमा ओळखत नाही, तेव्हा शेजारच्या देशांचे मतही घ्यायला हवे.

पानोपानी:
कीटक तुमच्या परवानगीची वाटही पाहत नाहीत. आशियातील तपकिरी ढेकूण या पिकांवरील किडीच्या अंड्यांवर वाढणारी ट्रिसोल्कस जॅपोनिकस ही गांधीलमाशी अमेरिकेत विलगीकरणात तपासली जात असतानाच २०१४ मध्ये तिथल्या रानात मोकळी सापडली. जनुकीय तपासणीत ती प्रयोगशाळेतून निसटलेली नव्हती, आपसूक आलेली होती, असे स्पष्ट झाले.

काटेकोर:
आणि ती स्थानिक ढेकणांपैकी कोणाची अंडी पोखरू शकते, हे तेव्हा सांगता आले ते केवळ त्या रखडलेल्या चाचण्यांमुळे.