मदत हवी आहे : गाडीचा एसी नीट चालतो की नाही, हे गॅस भरण्यापूर्वी कसे तपासावे?

आमच्याकडे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. जळगावहून एरंडोल-पारोळ्याकडे महामार्गाने जाताना तिचा एसी उत्तम गार हवा देतो. परंतु तीच गाडी सिग्नलला किंवा रेल्वे फाटकापाशी उभी राहिली, की काही मिनिटांतच कोमट हवा येऊ लागते आणि गाडीने वेग घेतला की पुन्हा गारवा येतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश तापमान असताना कोणत्याही एसीची दमछाक होणारच, हे मान्य आहे. तरीही हा केवळ उन्हाचा परिणाम समजावा की बिघाड, हे ठरवता येत नाही.

एका गॅरेजमध्ये गेज (गॅसचा दाब मोजणारे मीटर) न लावताच गॅस संपल्याचे सांगण्यात आले, तर दुसरीकडे थेट कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बदलण्याचा सल्ला मिळाला. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. मग तो कमी झाला असेल तर गळती कुठे आहे, हे आधी दाखवायला नको का?

काचा बंद, बाहेरची हवा बंद आणि ब्लोअर दुसऱ्या क्रमांकावर ठेवून मी डॅशबोर्डवरच्या हवेच्या मधल्या झडपेत तारेचा डिजिटल थर्मामीटर खोचून पाहिला. चालत्या गाडीत ११ अंश, उभ्या गाडीत २२ अंशांपर्यंत. केबिन फिल्टर नवा आहे आणि हवेचा झोतही जोरदार आहे. गाडीखाली पाणी मात्र फारसे ठिबकत नाही, त्याचीही शंका येते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

भाऊ, आपण तापमान मोजून लिहिले, त्यामुळे सांगणे सोपे झाले. एवढ्या उन्हात चालत्या गाडीत ११ अंश मिळत असतील, तर कॉम्प्रेसर निकामी झाला असे मला वाटत नाही. पाणी कमी ठिबकण्याचीही काळजी नको. आपल्याकडची मे महिन्यातील हवा इतकी कोरडी असते की कूलिंग कॉइलवर दव फारसे जमतच नाही. जुलैत पाहा, गाडीखाली थारोळे होईल.

संशय कंडेन्सरवर घ्यावा. रेडिएटरच्या पुढे असलेली ही जाळी आतली उष्णता बाहेर टाकते. गाडी धावताना समोरचा वारा तिच्यातून जातो, उभी असताना मात्र सगळा भार पंख्यावर येतो. गाडी सावलीत सुरू ठेवून, बॉनेट उघडून एसी लावा आणि पंखा लगेच फिरतो का, ते हात दूर ठेवून पाहा. त्यानंतर पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारा. झडपेतील तापमान झपाट्याने उतरले, तर अडचण बहुतेक हवेच्या प्रवाहाची आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरवर कापसाचे तंतू आणि धूळ यांचा अक्षरशः नमदा बसतो. तो मऊ ब्रशने आणि कमी दाबाच्या पाण्याने काढावा; सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने त्या नाजूक पात्या दुमडतात.

गॅस किंचित कमी असला तरी उभ्या गाडीत गारवा घटतो, म्हणून गेज लावणे टाळू नये. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त; एसी चालू असतानाही कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची बाजू उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर कमजोर. जास्त दाबाची बाजू फारच चढत असेल, तर मळलेला कंडेन्सर, बंद पंखा किंवा प्रमाणाबाहेर भरलेला गॅस. हे शेवटचे प्रकरण वरचेवर घडते, कारण अंदाजाने गॅस भरण्याची सवय अजून गेलेली नाही. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते. भरण्यापूर्वी व्हॅक्यूम करून (नळ्यांतील हवा व ओलावा खेचून काढून) गॅस वजनानेच भरून घ्यावा. गॅसबरोबर तेलही फिरत असते. त्यामुळे नळीच्या सांध्यावर तेलकट, धुळीने काळा पडलेला डाग दिसला, तर गळती तिथेच शोधावी.

मूळ प्रश्नकर्ता :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. फवारा मारताच उभ्या गाडीतही तापमान २२ वरून १४ अंशांवर आले. पंखा मात्र एसी लावल्यावर फिरत नाही. इंजिन बरेच तापले की एकदम पूर्ण वेगाने सुरू होतो. म्हणजे त्याचा कमी वेग बंद पडला असावा. हा दोष रेझिस्टरचा (पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग) की रिलेचा (पंख्याला वीज जोडणारा स्विच), हे कसे ओळखावे, आणि हे काम एसीवाल्याकडे न्यावे की गाड्यांच्या वायरमनकडे?