मदत हवी आहे: एफटीपी क्लायंट, कंट्रोल कनेक्शनच्या स्ट्रक्टमध्ये काय काय ठेवायचं?

सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी सी भाषेत छोटा एफटीपी क्लायंट (सर्व्हरवरून फाइली उतरवणारा प्रोग्राम) लिहितोय. काट्यावरचा जुना पीसी वजनाच्या पावत्या एफटीपीनंच देतो, तेव्हा ‘एसएफटीपी वापरा’ हा सल्ला कृपया नको.

स्ट्रक्टमध्ये (एकत्र ठेवलेल्या व्हेरिएबल्सच्या गटात) सध्या कंट्रोलचं सॉकेट (कमांड आणि रिप्लाय यावरून), डेटाचं सॉकेट (फाइल यावरून), ५१२ बाइटचा बफर आणि शेवटचा रिप्लाय कोड. मोठ्या फाइली नीट उतरतात. फाइल छोटी असली की १५० (‘फाइल पाठवतोय’) मिळतो, डेटाही पूर्ण येतो, आणि प्रोग्राम २२६ (‘पाठवून झालं’) ची वाट बघत तिथंच बसतो. वायरशार्कमध्ये (नेटवर्कवर काय येतंय-जातंय ते दाखवणारं साधन) मात्र २२६ आलेला स्पष्ट दिसतोय. मग जातोय कुठं? बफर दर रिसीव्हआधी कोरा करतो, त्याचा संबंध असेल का?

उत्तर १
तिथंच आहे, भावा. छोट्या फाइलीला १५० आणि २२६ एकाच रिसीव्हमध्ये आले. पहिली ओळ वाचलीस, उरलेली पुसलीस. टीसीपीला ओळी कळत नाहीत, त्याला नुसते बाइट.

बफरशेजारी दोन आकडे ठेव: कुठवर भरलाय आणि कुठवर वाचलाय. सीआर-एलएफ (ओळ संपल्याची खूण) दिसेपर्यंत ओळ पूर्ण धरू नकोस. रिप्लाय अनेक ओळींचाही असतो: ‘२२०’ला लागून डॅश आला, तर तोच कोड आणि पुढं स्पेस असलेली ओळ येईपर्यंत वाचत राहायचं. हे एफटीपीच्या नियमांच्या दस्तऐवजात, आरएफसी ९५९ मध्ये, १९८५ पासून लिहिलंय, तरी निम्मे क्लायंट इथंच आपटतात.

डेटाचं सॉकेट या स्ट्रक्टमधून काढ. ते दर फाइलीला नवं. कंट्रोल लॉगिनपासून क्विटपर्यंत तेच. समोरच्याचा आयपी मात्र इथं ठेव. राउटरमागचा सर्व्हर २२७ मध्ये (डेटासाठी कुठं जोडायचं ते सांगणारा रिप्लाय) १९२.१६८ वाला, बाहेरून न चालणारा पत्ता देतो. तो सोडून फक्त पोर्ट घ्यायचा. त्या रिप्लायच्या शेवटच्या दोन आकड्यांतला पहिला गुणिले २५६, अधिक दुसरा.

मूळ प्रश्नकर्ता
दोन आकडे घातले, छोट्या फाइली सुटल्या! आता एक शंका. मोठी फाइल उतरताना कंट्रोल गप्प असतं, मग राउटर ते तोडतो. मध्येच नूप (काहीच न करणारी कमांड) पाठवू का?

उत्तर २
नको. काही सर्व्हर त्याचं उत्तर २२६ नंतर देतात, मग पुढच्या कमांडला भलताच रिप्लाय चिकटतो. पाठवायचाच असेल तर ‘किती रिप्लाय बाकी’ हा आकडाही स्ट्रक्टमध्ये लागेल. आधी सॉकेटला टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शनवर अधूनमधून छोटं पॅकेट पाठवणारी सोय) लावून बघा. लिनक्सवर तो डीफॉल्ट दोन तासांचा असतो, पाच मिनिटांवर आणा.