हायड्रोजन सेन्सर चढतो, पण उतरत नाही

प्रश्न: एमएस्सीचा प्रोजेक्ट. कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर) पॅलेडियम धातूचे कण बसवलेत. हायड्रोजन सोडला की विद्युत रोध झकास चढतो. मग नायट्रोजन कितीही फिरवा, उतरायचं नावच घेत नाही! सर म्हणतात कॉन्टॅक्ट, म्हणजे तारांची जोडणी, बघ.

उत्तर: कॉन्टॅक्ट राहू दे, हवा सोड. पॅलेडियमवर हायड्रोजनचे अणू सुटे होऊन धातूत शिरतात, धातू नळीला इलेक्ट्रॉन देतो. नळी पी-टाइप, म्हणजे तिच्यात वीज होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वाहतात; म्हणून होल घटतात, रोध वाढतो. त्या अणूंना झटपट बाहेर काढायला ऑक्सिजन लागतो. पाणी होऊन जातात. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधक होंगजिए दाई यांच्या गटाचा असाच सेन्सर हवेतच चालला होता.

दुसरं उत्तर: हवा सोडण्याआधी नायट्रोजनने वायूची लाइन धू. हवेत ४ टक्क्यांवर हायड्रोजन पेटतो, बाबा. आणि हवा कोरडी घे, पावसाळ्यात बेसलाइन (हायड्रोजन नसतानाचं मूळ रीडिंग) सरकते.

प्रश्नकर्ता: हवेने उतरला! सरांना मात्र सांगतो, कॉन्टॅक्टच होता.