आधी इंजिनाचा ब्लॉक उघडून बघा
इंजिनात खारं पाणी शिरलं तर जुनंच बांधायचं (खोलून दुरुस्त करायचं) की नवं घ्यायचं, यावर लोक सांगतात, "दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की सरळ नवं इंजिन घाला". हा हिशोब ट्रकला ठीक, लाँचला (इंजिनाच्या बोटीला) नाही. कोटेशन नुसत्या इंजिनाचं असतं. आरपीएम नाहीतर गिअरबॉक्सचा रेशो बदलला की बोटीचा जुना पंखा (प्रोपेलर) जुळत नाही, शाफ्टची लाइन पुन्हा धरावी लागते, आणि कागदावरचा इंजिन नंबर बदलायचा ताप वेगळाच.

तरी आम्ही शेवटी नवंच घेतलं. हर्णैला आमच्या लाँचचा समुद्राच्या पाण्यावर चालणारा ऑइल कूलर फुटला, ऑइल बघायची दांडी काढली तर ऑइल दुधाळ चहासारखं. फिटर म्हणाला, नवे लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या) आणि पिस्टन घालू, क्रँक ०.२५ मिमी घासू. आम्ही तयारच होतो, पण आमच्या म्हाताऱ्या तांडेलाने (बोटीच्या कप्तानाने) आधी लायनर ओढायला लावले. ब्लॉकमध्ये लायनरखाली रबरी रिंग बसते ती जागा खाऱ्याने एवढी खाल्लेली की नख अडकत होतं. तिथून पाणी परत चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलमध्ये, उतरणारच. खाल्लेल्या जागी स्लीव्ह (धातूचं कडं) मारून देणारे भेटतात, पण खोल समुद्रात माझा त्यावर भरवसा नाही.

आणि हो, निर्णय होईपर्यंत इंजिन तसंच ठेवू नका. खारं ऑइल काढा, डिझेलने धुवा, रोज हाताने दोन फेरे फिरवा. आठवडाभरात बेअरिंगं गंजतात, मग बांधायचा पर्यायही जातो.