अनुभव धागा: वासोटा कसा झाला तुमचा?

रविवारी वासोटा किल्ला केला, पोटऱ्या अजून बोलतायत. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, पुढे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँच आणि मेट इंदवलीपासून चढ. आम्ही बामणोलीत दहाला उगवलो, तिथंच माती खाल्ली. परवानगी, लाँचचा नंबर यातच उन्हं डोक्यावर. संध्याकाळच्या आत जंगलाबाहेर पडायचं असतं, त्यामुळे बाबूकड्यावर जेमतेम दहा मिनिटं मिळाली. डबा परतताना लाँचमध्येच उघडला. तुमचंही लिहा.

*

आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम, पहिली लाँच. दुसरा उपाय नाही. आणि प्लास्टिक कमी न्या, वनखात्याच्या चौकीवर मोजून घेतात. आमचा एक रॅपर उतरताना कमी भरला. सगळ्यांच्या सॅका उलट्या केल्या, शेवटी एकाच्या टोपीत निघाला. टोपीत का ठेवला होता, ते त्यालाही सांगता येईना.

*

२००८ साली आईला घेऊन गेलो होतो. लाँचमध्ये सगळे फोटोत दंग, ती पाण्याकडं बघत बसलेली. तिच्या माहेरची शेतं कोयना धरणात गेली. तिनं लाँचवाल्याला गावाचं नाव सांगितलं. त्यानं काही न विचारता इंजिन हळू केलं, हात लांब करून म्हणाला, "मावशी, त्या टेकाडाच्या अल्याड." तिनं पदर सावरून तिकडं हात जोडले. गडावर काही ती आली नाही, ओढ्याजवळच्या मारुतीपाशी बसून राहिली. मी वर जाऊन आलो खरा, पण वरचं आज फारसं आठवत नाही. बिनछपराचं मारुतीचं देऊळ, बास.

*

कुणीतरी मला गडाचा कातळ ग्रॅनाइटचा आहे असं सांगितलं होतं. नाही हो, हा आपला काळा बेसॉल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, बाबूकडा समोरून बघितला की पट्टे कळतात. (सांगलीकर आहे, पण दगडाचं वेड सह्याद्रीचं.)

*

जुलैत गेलं तर चालेल का? हिरवंगार असेल ना?

*

पावसाळ्यात बंद असतो. चालू असता तरी जळवांनी तुम्हाला वरपर्यंत पोचू दिलं नसतं. दिवाळीनंतर या.