दत्तजयंतीला खाडीकाठी तंबू, सोबत मुलं: जागा कुठली धरावी?

सुरूबन: दत्तजयंतीच्या सुट्टीत दोन कुटुंबं, चार मोठे, चार मुलं (धाकटं ६ वर्षांचं). गुहागर तालुक्यात दाभोळ खाडीकाठी एक रात्र, दुसऱ्या दिवशी हेदवीची बामणघळ (समुद्रकाठच्या खडकातली अरुंद घळ, जिच्यातून लाटेचं पाणी उंच उडतं). संध्याकाळी पाचला पोचून सपाट वाळूवर तंबू ठोकायचा बेत आहे. की वर चिपळूणकडे वाशिष्ठीकाठी, गोड्या पाण्याजवळ जावं?

खाडीवाला: पाचला वाळू सपाट आणि कोरडी दिसणारच, कारण पौर्णिमेला त्या सुमारास सुकती (ओहोटी) पुरी होत आलेली असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. भरती दिवसा सव्वाअकराला आणि रात्रीही त्याच सुमारास; खाडीत आत जाल तसा थोडा उशीर. त्यात पौर्णिमेचं उधाण. अष्टमीला भांगाचं पाणी (सगळ्यात कमी चढणारी भरती) जिथे थांबतं, त्याच्या बरंच वर हे चढतं. मुलं गाढ झोपलेली असताना पाणी तंबूत शिरेल.

काठावर काड्या, शेवाळ, प्लास्टिक यांच्या रेषा दिसतात. त्यातली सगळ्यात वरची रेषा उधाणाची. तंबू तिच्याहून किमान दोन-तीन फूट उंचावर लावा. कांदळ (खारफुटी) उगवलंय तिथे तर जाऊच नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. सगळ्यात बरं म्हणजे गावात विचारून कुणाच्या तरी खळ्यात (अंगणात) किंवा वाडीत जागा घ्यायची. फक्त माडाखाली नको. वारा नसतानाही झावळ पडते.

जांभा_सडा: वाशिष्ठीचा विचार सोडा. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी चिपळूणच्या वरच्या अंगाला नदीत येतं, त्यामुळे पाऊस नसतानाही पातळी वरखाली होते. शिवाय नदीत मगरी आहेत. काठावर भांडी घासणं, मुलांना डुंबायला सोडणं, दोन्ही नको. गोडं पाणी बरोबर न्या: माणशी ५ लिटर धरलं तर आठ जणांना २० लिटरचे दोन कॅन.

मगरीपेक्षा फुरसं या छोट्या विषारी सापाची काळजी जास्त घ्या. जांभ्याच्या फटीत, पालापाचोळ्यात बसतं आणि रात्री फिरतं. सरपणासाठी दगडाखाली हात घालू नका, अंधारात बूट आणि बॅटरीशिवाय कुणी बाहेर पडू नये. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. सूज कमी दिसते म्हणून थांबलात तर चुकाल. या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि रक्तस्राव काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

सुरूबन: खळ्यातच लावतो. पण तिथेही वाळूच आहे, खुंट्या उपटून येतात. आणि बामणघळीला किती वाजता पोचायचं?

खाडीवाला: खुंटी सरळ ठोकू नका. कापडी पिशवीत वाळू भरा, तोंडाला तंबूची दोरी बांधा, पिशवी दीड फूट खड्ड्यात आडवी पुरून वर वाळू दाबा. असे चार कोपरे केले की रात्रीच्या वाऱ्याला तंबू हलत नाही. डिसेंबरात दव भरपूर पडतं, म्हणून वरचं कापड आतल्याला चिकटू देऊ नका आणि दोन्हीकडच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेनेच पांघरुणं ओली. गॅसची शेगडी मात्र तंबूत कधीच नाही, दारं उघडी असली तरी.

बामणघळीचा फवारा भरतीलाच उडतो. दुसऱ्या दिवशी भरती बाराच्या आसपास, तेव्हा साडेअकराला तिथे असा. खडक जिथवर ओला आहे, त्याच्या बरंच मागे मुलांना हाताला धरून उभं करा. शेवाळावर चप्पल टिकत नाही, आणि एखादी लाट बाकीच्यांपेक्षा उंच येतेच.